बिनरंगी फौजांचे सरनोबत

नवी फौज घ्यावी की नाही, हा प्रश्न सरनोबतांना कधीच पडत नाही. कोणती घ्यावी, एवढाच पडतो. आणि तो एकदा पडला, की घरातलं दूध संपलंय, गाडी पंक्चर आहे आणि आपण अजून जेवलेलो नाही, हे त्यांना दुसऱ्या कुणीतरी सांगावं लागतं.

सरनोबत हे नाव आमच्या घरात पडलेलं. त्यांचं खरं नाव साधंसुधं इंग्रजी आहे. पन्नाशी उलटलेला, विमा कंपनीत नोकरी करणारा हा गृहस्थ नॉटिंगहॅममध्ये आमच्या भिंतीला भिंत लावून राहतो. पण ज्याच्या पोटमाळ्यावर निरनिराळ्या फौजा खोक्यांतून वर्षानुवर्षं तळ ठोकून आहेत, त्याला दुसरं काय म्हणणार?

नॉटिंगहॅम म्हटलं की जगाला रॉबिन हूड आठवतो. खेळण्यातल्या फौजा जमवणाऱ्या पंथातल्या लोकांचं त्याच्याशी काही देणंघेणं नाही. ‘वॉरहॅमर’ हा टेबलावरचा युद्धखेळ काढणाऱ्या गेम्स वर्कशॉपचं मुख्यालय इथल्या लेंटन भागात आहे, आणि इंचभर उंचीचे शिपाई बनवणाऱ्या इतर कंपन्याही आसपास इतक्या, की या टापूला ‘लेड बेल्ट’ म्हणतात. पूर्वी शिपाई शिशाचे ओतत, त्यावरून. आता बहुतेक प्लॅस्टिकचे असतात. व्यसनी माणसानं गुत्त्याच्या वरच खोली घ्यावी, तसं सरनोबतांचं झालेलं आहे.

खेळ समजायला सोपा आहे, निदान लांबून. टेबलावर डोंगर, पडक्या इमारती वगैरे मांडायच्या. दोघांनी आपापली दोन हजार गुणांची फौज उतरवायची. टेपने इंच मोजत शिपाई पुढे सरकवायचे आणि कोण मेलं ते फाशांना विचारायचं. एच. जी. वेल्ससारख्या लेखकानं १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ नावाचं पुस्तकच या नादावर लिहिलं. युद्धाची खुमखुमी असलेल्या राजेरजवाड्यांना एका मोठ्या दालनात कोंडून हीच खेळणी द्यावीत, असं त्यात त्यानं सुचवलं होतं. सूचना उत्तम होती. सरनोबतांच्या पद्धतीनं खेळायला लावलं असतं, तर पहिल्या महायुद्धात एक गोळी सुटली नसती. सगळे सम्राट चार वर्षं फौज कोणती घ्यावी याचाच विचार करत बसले असते.

कारण शिपाई विकत मिळतो तो तुकड्यांत. चौकटीतून हात, पाय, मुंडकी कातरून काढायची, साच्याच्या रेघा खरवडायच्या, चिकटवायचं. मग प्राइमरचा फवारा, आणि तो कोरड्या हवेतच मारायचा, नाहीतर पृष्ठभाग खरखरीत होतो. इंग्लंडात कोरडी हवा! सरनोबत डबा हातात घेऊन मागच्या अंगणात आभाळाकडे बघत उभे राहिलेले आम्ही स्वयंपाकघरातून पाहतो. हे सगळं पार पडलं, की रंगकामाला सुरुवात.

म्हणून दर खेपेला सरनोबतांची पहिली अट एकच: “या वेळी सोपी फौज.” या अटीवर त्यांनी नेक्रॉन घेतले. हे यंत्रांचे सांगाडे. चंदेरी फवारा मारायचा, वरून ‘नल्न ऑइल’ नावाचा काळा पातळ रंग ओतायचा. तो खाचाखोचांत आपोआप उतरतो आणि कुणाच्याही हाताला कला आल्यासारखी दिसते. दहा सांगाडे झाले आणि सरनोबत कंटाळले. “सगळे सारखेच दिसतात रे.” मग ऑर्क घेतले. हिरवे, रांगडे, भंगारातून शस्त्रं जोडणारे. लाल रंगाची गाडी जास्त वेगानं पळते अशी यांची श्रद्धा, त्यामुळे सरनोबतांनी गाडीपासून सुरुवात केली. गाडी सुरेख झाली. मग शिपायांचं खोकं उघडलं आणि दुसऱ्या दिवशी कुंपणावरून तक्रार आली: “सगळे वेगळेच दिसतात रे.”

त्यानंतर आली दूरदृष्टी. ज्या फौजेत माणसंच कमी, ती घ्यायची. कस्टोडीज हे खेळातल्या सम्राटाचे खासे पहारेकरी. मूठभर असले तरी दोन हजार गुण भरतात, आणि नखशिखान्त सोनेरी. सोनेरी फवारा मारला की मोकळं. मारलाही. पण प्रत्येकाला झगा, भाला, रत्नं आणि कपाळाखाली दोन डोळे. डोळ्यांपाशी भल्याभल्यांचं पाणी उतरतं. एक डोळा नीट जमतो. दुसरा पहिल्याकडे बघायला लागतो. एक अख्खा रविवार सरनोबत एकाच पहारेकऱ्याचा तिरळेपणा घालवत होते. संध्याकाळी त्यांनी त्याला शिरस्त्राण चढवलं.

सल्ला मागायला ते क्लबात जातात. तिथे प्रत्येक जण, कुणालाही न दुखावता, स्वतःचीच फौज सुचवतो. कुणी म्हणतो, जिंकणारी घे. हा सल्ला सगळ्यांत घातक. नियमांची नवी आवृत्ती तीनेक वर्षांनी येते आणि गुणांचे आकडे त्याआधीही बदलत राहतात. सरनोबतांच्या कुंचल्याचा वेग पाहता, आज सगळ्यांना लोळवणारी फौज त्यांच्याकडे रंगून होईपर्यंत क्लबातल्या पोरासोरांकडून मार खाऊ लागते. शिवाय ताजा रंगवलेला शिपाई टेबलावर सगळ्यांत आधी मरतो, असा या पंथात दृढ समज आहे. सरनोबतांच्या हातून ताजा रंगवलेला शिपाई क्वचितच बाहेर पडत असल्यामुळे त्यांच्याकडे पुरावा तोकडा आहे.

“जुनी विकून नवी घेतो,” हे त्यांचं बायकोला दिलेलं वचन. बाई समंजस आहेत. त्या फक्त विचारतात, “यातली कोणती विकणार?” मग सरनोबत खोकी खाली काढतात, एकेक उघडून बघतात, आणि रात्री उशिरा सगळी परत वर जातात. सोबत एक नवीन असतं. माझा असा कयास आहे, की फौज त्यांना खरी आवडते ती खोकं उघडेपर्यंतच. नियमपुस्तक वाचायचं, वहीत गुणांच्या बेरजा करायच्या, झेंड्याचा रंग ठरवायचा, सेनापतीला नाव द्यायचं. तेवढ्या दिवसांत हा माणूस दहा वर्षांनी तरुण दिसतो आणि कचऱ्याचे डबेसुद्धा न सांगता बाहेर ठेवतो.

गेल्या हिवाळ्यात मात्र त्यांनी परग्रह सोडले आणि इतिहासात शिरले. एका संध्याकाळी दार वाजलं. “तू मराठी ना? मग असई तुला माहीत असणार.”

२३ सप्टेंबर १८०३. कैलना आणि जुई नद्यांच्या बेचक्यात दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांच्या फौजेशी आर्थर वेलस्लीची गाठ पडली. पुढे हाच वॉटर्लू जिंकून वेलिंग्टन म्हणून गाजला, तरी आपली सर्वोत्तम लढाई कोणती असं विचारल्यावर त्यानं असईचं नाव घेतल्याची नोंद आहे. समोरासमोर दोन गावं दिसली म्हणजे मध्ये उतार असणारच, असं ताडून त्यानं नदी कशी ओलांडली, ते सरनोबतांनी आमच्या जेवणाच्या टेबलावर मीठदाणी आणि लोणच्याच्या बरणीच्या मदतीनं दाखवलं. शिंद्यांचे कवायती कंपू त्यांनी आधीच पक्के केले होते. अडलं होतं घोडदळापाशी.

“शिलेदारांचा गणवेश कोणता?”

“गणवेश कसला? शिलेदार घोडा स्वतःचा आणायचा, कपडेही स्वतःचेच.”

“म्हणजे प्रत्येकाचा वेगळा?”

“अंगरखा वेगळा, पागोटं वेगळं. घोड्याचा रंगही वेगळा.”

सरनोबत गप्प झाले. मग वहीत काहीतरी खोडून म्हणाले, “तोफा शंभराच्या घरात होत्या. दहांची एक धरली तर दहा. प्रत्येकीला बैलांच्या किती जोड्या?” बैल मोजून झाल्यावर त्यांना आणखी एक गोष्ट सुचली. असई खेळायची तर इंग्रजांची फौजही हवी, आणि क्लबात ती कुणाकडेच नाही. दोन्ही बाजू त्यांनाच रंगवाव्या लागणार.

हे सगळं त्यांची बायको दारात उभी राहून ऐकत होती. त्यांना जेवायला बोलवायला आली होती.

“तुमच्या इतिहासात,” तिनं मला अगदी अदबीनं विचारलं, “कमी माणसांची एखादी लढाई नाही का?”

“आहे की. नेसरी, १६७४. सात घोडेस्वार.”

“सातच?”

“सातच.”

“बघ,” ती नवऱ्याला म्हणाली, “सात. ख्रिसमसपर्यंत होतील.”

“आणि समोर?” सरनोबतांनी वहीचं नवं पान काढलं.

“बहलोलखानाची फौज.”

“किती?”

मी बाईंकडे बघायचं टाळलं. “हजारांनी,” म्हणालो.

सरनोबतांनी पेनाचं टोपण उघडलं.