लाखभर चालणारे पॅड

नारायणगावच्या टोमॅटो बाजारात पिकअपना तोटा नाही आणि पिकअपवाल्या शेठना तर मुळीच नाही. शेठ ही तिथे गाडीसोबत मिळणारी पदवी आहे. हप्ते चालू असले तरी मिळते. या शेठलोकांत एक वाण मला विशेष आवडतं: ब्रेकपॅड घ्यायला निघालेले शेठ.

गाडी घेताना त्यांनी एवढा विचार केलेला नसतो. मेहुण्यानं पांढरी घेतली म्हणून यांनीही पांढरी घेतली, विषय संपला. पॅडसाठी मात्र ते आठवडाभर गाव ढवळून काढतात. चहाच्या टपरीवर, हमालांमध्ये, काट्यावर, पट्टीचे पैसे घ्यायला उभं असताना, एकच प्रश्न: "लाखभर किलोमीटर जातील असे पॅड कुठले?" लाख हा आकडा त्यांना आळेफाट्यावर कुणीतरी सांगितलेला असतो. सांगणारा कुठली गाडी चालवतो, कुठे चालवतो, तीत काय भरतो, हे विचारायचं राहून गेलेलं असतं. (खोदून विचारलं तर निघतं की तो अंडी पोचवतो. तीही सपाटीवर.)

मुळात पॅड संपले हे शेठना कळतं कसं, तेही ऐकण्यासारखं आहे. पॅडवरचं अस्तर झिजत दोन-तीन मिलिमीटरवर आलं की बऱ्याच पॅडांना जोडलेली पत्र्याची एक बारीक पट्टी डिस्कला घासते आणि किंचाळते. ही सोय बनवणाऱ्यानं मुद्दाम केलेली आहे. शेठ पहिले काही दिवस "धूळ बसली असंल" म्हणतात. मग गाण्याचा आवाज वाढवतात. किंचाळणं गाण्याच्याही वर जायला लागलं की दुकान गाठतात.

काउंटरवरचा पोरगा तीन खोकी समोर मांडतो. शेठ टोमॅटोतले दर्दी. क्रेटच्या तळाला काय दडवलंय हे ते लांबून सांगतात. तोच हात ते पॅडवर चालवतात. अंगठ्यानं दाबतात, नख मारतात, वास घेतात, दोन हातांत दोन पॅड घेऊन वजन जोखतात. जड ते टिकाऊ, असा निकाल देतात. वजन मागच्या पोलादी पट्टीचंही असतं, हे पोरगा सांगायला तोंड उघडतो, तोवर शेठ पुढच्या खोक्यावर गेलेले असतात.

"ह्यो कशाचा?"

"सिरॅमिक आहे शेठ."

"कपबशीचा ब्रेक? माळशेजला?"

यात शेठचं अगदीच चुकतं असं नाही. सिरॅमिक पॅड आवाज करत नाहीत, चाकावर काळी भुकटी कमी उडवतात, म्हणून ते कारवाल्यांचे लाडके. ओझं वाहणाऱ्या गाडीला बहुधा सेमी-मेटॅलिक सुचवतात. त्यात लोखंड-पोलादाचे तंतू असतात, ते उष्णता लवकर बाहेर काढतात आणि तापल्यावरही पकड सोडत नाहीत. बदल्यात थोडे कुरकुरतात आणि डिस्क जास्त खातात. तिसरे ऑरगॅनिक: मऊ, स्वस्त आणि भरल्या गाडीखाली घाटात लवकर हात टेकणारे. एवढं सगळं शेठ मन लावून ऐकतात. मग विचारतात, "ते समदं खरं, पण लाख जातील का?"

पॅडच्या कडेला किंवा पाठीवर एफएफ, जीजी अशी दोन इंग्रजी अक्षरं छापलेली असतात. पहिलं अक्षर थंड असतानाची पकड सांगतं, दुसरं तापल्यावरची. एफ म्हणजे घर्षणांक ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. घाट उतरणाऱ्यानं दुसरं अक्षर आधी वाचावं. शेठनी जीजीचा अर्थ स्वतःच लावला, "ग्यारंटीवर ग्यारंटी", आणि तेच खोकं उचललं. त्या अक्षरांत किलोमीटरचा मागमूसही नसतो, हे सांगून पोरगा कशाला आपलं गिऱ्हाईक घालवेल?

ब्रेकला अस्तर लावायची कल्पना, असं म्हणतात, एका बाईला सुचली. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बेर्था बेंझ नवऱ्याला न सांगता त्याची मोटार काढून, दोन मुलांना घेऊन, जर्मनीतल्या मानहाइमहून फोर्झहाइमला निघाली. उतारांवर लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा तिनं वाटेतल्या एका मोच्याकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं आणि पुढे गेली. आमचे शेठ असते तर त्यांनी त्या मोच्याला आधी पलीकडच्या गावातल्या मोच्याचा भाव ऐकवला असता.

खरी करमणूक गॅरेजात होते. चाक उतरवून कॅलिपर उचललं, तर आतला पॅड पत्र्यापर्यंत गेलेला आणि बाहेरचा निम्मा शाबूत. मिस्त्रीला काय झालंय ते लगेच दिसतं: कॅलिपर ज्या पिनांवर सरकतं त्या गंजून जाम झाल्यात, म्हणून एकच बाजू दाबत राहिली. पिना साफ करून ग्रीस लावलं नाही तर सोन्याचे पॅड घातले तरी हीच गत. शेठना दिसतं ते वेगळंच. "ह्यो बाहेरचा चांगलाय की. एकच टाक." दोन्ही चाकांचे चारही पॅड एकदम बदलतात, नाहीतर ब्रेक मारल्यावर गाडी एका अंगाला ओढते, असं मिस्त्री समजावतो. शेठ मान डोलावतात आणि तो निम्मा पॅड फडक्यात गुंडाळून सीटखाली ठेवतात. तिथे असे बरेच आहेत.

मग डिस्कवरच्या खाचा निघतात. डिस्क किती पातळ होईपर्यंत चालते तो आकडा डिस्कवरच कोरलेला असतो. मिस्त्री पुसून दाखवतो, शेठ चष्मा घरी राहिल्याचं सांगतात आणि लेथवर फेस मारून आणायला पिटाळतात. मागचे ड्रम उघडू का, विचारलं तर म्हणतात, "मागून कुठं आवाज येतोय?" मागचे लायनर ढिले राहिले की त्यांचं काम पुढच्या पॅडना करावं लागतं, पण जे ओरडत नाही त्याच्यावर खर्च करायचा नाही हा शेठचा घरीदारी सारखाच नियम. ब्रेक ऑइलवर मात्र ते नमतात. हे तेल हवेतली ओल शोषतं. नवं डॉट ३ तेल निदान २०५ अंशांपर्यंत उकळायचं नाही असं मानक आहे. ओल धरल्यावर तीच हद्द १४० वर येते. उकळलं की नळीत वाफ होते, पेडल दाबलं की वाफच दबते आणि पाय सरळ फळीला टेकतो. शेठच्या चुलतभावाचा असा टेकला होता. तेल मुकाट बदललं जातं.

आता त्या पॅडांच्या वाट्याला काय येतं पाहा. कागदावर गाडी दीड टनाची. वीस किलोचा क्रेट धरला तर पंच्याहत्तर क्रेट झाले. शेठ पंच्याहत्तरपासून मोजायला सुरुवात करतात. नवे पॅड डिस्कवर नीट बसेपर्यंत दोन-तीनशे किलोमीटर हलका हात ठेवा, असं मिस्त्रीनं बजावलेलं असतं. त्याच रात्री गाडी भरून वाशीच्या वाटेला लागते. माळशेजच्या माथ्यावर आली की शेठ न्यूट्रल करतात. डिझेल वाचतं ना! आताच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की डिझेलची फवारणी बंद होते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन फिरतं ठेवायला डिझेल जाळावंच लागतं. म्हणजे शेठ डिझेल जाळून पॅड जाळतात. गाडी आणि माल मिळून तीन टन धरले आणि उतार पाचशे मीटर उंचीचा धरला, तर जी उष्णता निघते तिच्यात चाळीस लिटर पाणी सहज उकळेल. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरलं तर त्यातली बरीचशी इंजिन पचवतं. न्यूट्रलमध्ये ती जवळजवळ सगळी पॅड आणि लायनरच्या माथी.

पुढचं पॅडांना ठाऊक असतं. काही महिन्यांत ते पुन्हा किंचाळू लागतात. शेठ दुकानात जाऊन "डुप्लिकेट माल दिलास" म्हणून काउंटरवर हात आपटतात. पण टपरीवर एखाद्या नव्या गाडीवाल्यानं विचारलं की तेच शेठ बशीतला चहा फुंकत सांगतात, "जीजी टाक. माझं लाख गेलं." तो नवा शेठ आकडा घेऊन आळेफाट्याला जातो.

तेव्हा माळशेज उतरताना आरशात क्रेटांनी ओथंबलेली पांढरी पिकअप दिसली आणि ती वळणांवरही वेग घेत येत असेल, तर जागा बघून आपली गाडी डावीकडे घ्या आणि शेठना पुढे जाऊ द्या. पॅड नवेच असतील, पण खात्री आपण कशाला करून घ्या?