समोरच्याचं वाक्य

एप्रिल उजाडला की गावोगावी बालनाट्य शिबिरांचे फलक लागतात. त्यांवर ‘नाटक’ ज्या अक्षरांत असतं त्याच्या दुप्पट मोठ्या अक्षरांत ‘स्टेज डेअरिंग’ असतं, आणि पालक पैसे भरतात ते या दुसऱ्या गोष्टीचे. मुलगा सहावीतून सातवीत गेलेला असतो. घरात त्याचा आवाज तिसऱ्या मजल्यावरून फाटकापर्यंत पोचतो, आईला तो उलट उत्तरं देतो, रिमोट कोणाचा या प्रश्नावर आजीला कायदा शिकवतो. तरीही त्याच्यात डेअरिंग नाही, अशी घरच्यांची पक्की समजूत असते. माझं म्हणणं असं की बोलण्याच्या धाडसाची चणचण महाराष्ट्राला कधीच नव्हती. सोसायटीची सर्वसाधारण सभा असो, सत्कार असो की शोकसभा, ‘दोनच शब्द बोलतो’ म्हणून उभा राहिलेला माणूस खाली बसवायला आपल्याकडे अजून कुणाला जमलेलं नाही. टंचाई आहे ती ऐकणाऱ्यांची. पाचवी ते आठवीच्या मुलांना नाटक शिकवायचं ते या टंचाईवर उपाय म्हणून. स्वतःचं वाक्य फेकायला नव्हे, समोरच्याचं वाक्य झेलायला.

याला पुरावा आहे, आणि गंमत म्हणजे त्यातला एक तुकडा हाती लागला तो दुसरंच काही शोधताना. ग्लेन शेलेनबर्ग या मानसशास्त्रज्ञाने टोरांटोत सहा वर्षांच्या १४४ मुलांचे गट केले. कुणाला कीबोर्ड, कुणाला गाणं, कुणाला नाटक, आणि एका गटाला वर्षभर काहीच नाही. त्याला पाहायचं होतं, संगीताने बुद्ध्यंक वाढतो का. नाटकाचा गट बिचारा तुलनेपुरता होता. २००४ साली निष्कर्ष आले. संगीतवाल्यांचा बुद्ध्यंक इतरांपेक्षा थोडा जास्त वाढला, नाटकवाल्यांचा तसा वाढला नाही. पण चार माणसांत वागण्याची नाटकवाल्यांची रीत चांगलीच सुधारली होती, आणि संगीतवाल्यांत ती सुधारणा नव्हती. आता कुणी म्हणेल, सहा वर्षांच्या पोराचा दाखला सातवीला कसा लावता? रास्त आहे. म्हणून अर्कान्सासचा दाखला घ्यावा. तिथे शाळेतल्या मोठ्या मुलांना, सातवीपासून पुढच्यांना, नाटकाची तिकिटं सोडत काढून दिली. नाटक पाहून आलेल्यांची तुलना तिकीट न मिळालेल्यांशी केली आणि पुढच्या फेऱ्यांत तीच कथा सिनेमात पाहिलेल्यांशीही. नाटक पाहिलेली मुलं दुसऱ्याच्या जागी उभं राहून विचार करण्यात सरस ठरली. सिनेमाने ते साधलं नाही. आणि ही मुलं तर नुसती खुर्चीवर बसली होती! वर्षभर अभिनय शिकलेल्यांचं काय होतं, हे थालिया गोल्डस्टीन आणि एलन विनर यांनी २०१२ साली मांडलं: इतर कला शिकणाऱ्यांपेक्षा त्यांच्यात दुसऱ्याचं मन जाणण्याची वाढ अधिक. या कुठल्याही अभ्यासात ‘डेअरिंग’ नावाचा रकाना नाही.

आपल्या शाळांत नाटक म्हणून जे चालतं ते मात्र वेगळंच. डिसेंबर-जानेवारीत गॅदरिंग येतं आणि सहावी ‘ब’चं ऐतिहासिक नाटक बसतं. ज्याचं पाठांतर पक्कं तो महाराज. ज्यांचं कच्चं ते वीस जण मावळे. प्रयोगाच्या दिवशी दरबार भरतो. शत्रूचा वकील आपलं वाक्य म्हणतो, एक पाऊल मागे जातो आणि तिथेच बंद पडतो. त्याच्या वाक्याबरोबर महाराजांचेही ओठ हलत असतात, कारण महाराजांना सगळं नाटक पाठ आहे. डावीकडून तिसऱ्या मावळ्याची मिशी एका टोकाला सुटली आहे. ती तो जिभेने वर ढकलतो आहे, आणि रंगमंचावर मनापासून चाललेली कृती काय ती तेवढीच. विंगेत बाई दोन्ही हात नाचवत सगळ्यांची वाक्यं एकदम बोलतात. वकिलाने घाबरून खलित्याचा शेवट आधी वाचला, तरी महाराज ठरल्या जागी, ठरल्या आवाजात संतापतात. वकील काय म्हणाला याच्याशी त्या संतापाचा काडीचा संबंध नसतो. खाली तीनशे मोबाइल उंचावलेले, आणि प्रत्येक पडद्यावर फक्त आपापला मावळा. पुष्कळ शाळांनी यावरही तोड काढली आहे. संवाद आधीच रेकॉर्ड करून घ्यायचे, मुलांनी मंचावर नुसते ओठ हलवायचे. म्हणजे ऐकणं तर नव्हतंच, आता बोलण्याचीही कटकट गेली. अशा तालमीत तयार झालेला मुलगा पुढे वृत्तवाहिनीच्या चर्चेत सहज रुळतो, हे मात्र कबूल केलं पाहिजे.

त्यात हे वयच चमत्कारिक. मुलाचा आवाज फुटत असतो, मुलगी वर्गात सगळ्यांत उंच झाल्यामुळे पाठीत वाकून चालत असते, कपाळावरच्या एका पुटकुळीवर राष्ट्रीय चर्चा चालू आहे असं दोघांनाही वाटतं. डेव्हिड एल्काइंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६७ साली लिहून ठेवलं की या वयातलं मूल सतत एका काल्पनिक प्रेक्षकवर्गासमोर वावरतं. डबा उघडला तरी हाउसफुल्ल. अशा मुलाला धीट करायचं म्हणून आपण काय करतो, तर त्या काल्पनिक प्रेक्षागृहात चारशे खरे प्रेक्षक आणून बसवतो, पहिल्या रांगेत नगरसेवक! जी मुलं आधीच धीट असतात ती तरून जातात, त्यांच्या आया ‘शिबिराचा फार फायदा झाला’ म्हणतात; बाकीची जन्मभर माईक दिसला की पाणी प्यायला जातात. या वयात नाटकाच्या शिक्षणातली पहिली सुधारणा म्हणून प्रेक्षकांना घरी पाठवावं. सुधारणा बिनखर्चाची आहे, त्यामुळे समितीकडे जाण्याची गरज नाही.

प्रेक्षक गेल्यावर उरतं काय? बाकं भिंतीला लावलेला वर्ग, चाळीस मुलं आणि खेळ. शिकागोत स्थलांतरित कुटुंबांतल्या, एकमेकांची भाषा न येणाऱ्या मुलांबरोबर काम करताना व्हायोला स्पोलिनने असे खेळ रचले. १९६३ साली त्यांचं पुस्तक झालं आणि जगभरच्या नाट्यशिक्षकांनी ते उचललं. त्यातला आरशाचा खेळ घ्या. दोन मुलं समोरासमोर. एक हात हलवेल, दुसऱ्याने त्याचा आरसा व्हायचं. पहिला मिनिटभर पुढारी मुलगा जोडीदाराला चकवायला बघतो, हात भराभर फिरवतो, आरसा फुटतो, वर्ग हसतो. मग त्याच्या ध्यानात येतं की जोडीदार मागे पडला तर हरतो आपणच, आणि हात आपोआप सावकाश होतात. नंतर शिक्षक म्हणतात, आता कुणीच पुढारी नाही. तेव्हा दोघंही एकमेकांच्या डोळ्यांत बघत थांबतात, आणि कोण कुणाच्या मागे जातंय हे त्यांनाही सांगता येत नाही. त्या वेळी आपण कसे दिसतोय याची पुटकुळीसकट आठवण उरत नाही. लक्ष सगळं समोर गेलेलं असतं. सातवीतल्या दोन मुलग्यांनी एकमेकांकडे मिनिटभर न मारता पाहिलं, एवढ्यावरसुद्धा मी या विषयाला अनुदान द्यायला तयार आहे.

‘नाटक करायला वेळ कुठाय, पोर्शन कोण संपवणार?’ हा आक्षेप इतका नियमित येतो की तो वेळापत्रकातच छापायला हरकत नाही. कलेचा तास आधीच नावापुरता. परीक्षा जवळ आली की गणिताचे सर तो हक्काने नेतात. म्हणून नाटकाला वेगळा तास मागूच नये, मराठी आणि इतिहासाच्या तासांत घुसवावं. २००० साली अ‍ॅन पॉडलोझ्नी यांनी वर्गातल्या नाट्यकृतींवरचे ८० अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा दिसलं की गोष्ट करून पाहिलेल्या मुलांना ती नुसत्या वाचणाऱ्यांपेक्षा जास्त समजते, आणि न केलेला नवा मजकूर वाचतानाही फायदा टिकतो. म्हणजे वेळ जात नाही, वाचतो. इंग्लंडच्या डोरोथी हीथकोट तर धडाच नाटकातून घेत. बाई चौदाव्या वर्षी गिरणीत कामाला लागलेल्या. पुढे गिरणीच्याच साहेबाने त्यांच्या नाट्यशिक्षणाची फी भरली. त्यांची युक्ती अशी की शिक्षकाने स्वतः भूमिका घेऊन वर्गात शिरायचं. आपल्याकडे १९२१चा मुळशी सत्याग्रह शिकवायचा आहे असं समजा. बाई दारातून आत येतात त्या बाई म्हणून नाही, धरण बांधणाऱ्या कंपनीचा माणूस म्हणून, काखेत कागद घेऊन. वर्ग म्हणजे बुडणार असलेलं गाव. मोबदला घ्यायचा की अडून बसायचं? पाच मिनिटं सगळे एकसुरात ‘जमीन देणार नाही’ म्हणतात. मग कंपनीचा माणूस रक्कम सांगतो. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा हळूच विचारतो, ‘रोख की चेक?’ आणि गावात पहिली फूट पडते. आता एकमेकांचं ऐकल्याशिवाय गत्यंतर नाही. सेनापती बापटांपुढे काय वाढून ठेवलं होतं हे त्या तासाला जेवढं कळेल, तेवढं ‘सत्याग्रहाची कारणे लिहा’ या प्रश्नातून कळणार नाही.

ऐकण्याची ही बाजू आपल्या रंगभूमीला परकी नाही. सुधा करमरकरांनी १९५९ साली लिटल थिएटर काढून रत्नाकर मतकरींचं ‘मधुमंजिरी’ केलं ते मुलांना काय भावतं याचा विचार करून. १९८६पासून पुण्यात ग्रिप्सची नाटकं झाली, बर्लिनवरून मोहन आगाशे यांनी आणलेली. त्यांत मुलांच्या भूमिका मोठी माणसं करतात. त्यासाठी नटांना मुलं कशी भांडतात, कशी रुसतात, हे नीट बघावं लागतं. त्याआधी अर्धशतक, बालमोहन नाटक मंडळीत, उलटा प्रकार होता: मिसरूड न फुटलेली पोरं आचार्य अत्र्यांच्या नाटकांत संसारी माणसं होऊन वावरत. दोन्हीकडे नटाला आपल्या वयाबाहेर जाऊन बघणं भाग होतं. स्पर्धांच्या एकपात्रीत दहा वर्षांची मुलगी दारुड्या नवऱ्याची बायको होऊन हंबरडा फोडते तेव्हा मात्र तिने काही पाहिलेलं नसतं. तिला फक्त कुठल्या शब्दावर गुडघे टेकायचे ते सांगितलेलं असतं. बक्षीस हमखास मिळतं.

‘मुलं नाटकी होतील’ या भीतीवर मी वेळ घालवणार नाही. गणिताच्या चाचणीच्या सकाळी पोटदुखीचा प्रयोग विनामूल्य करणाऱ्या मुलाचं आणखी काय बिघडवणार? पण गॅदरिंग बंद करून पालकांना दाखवायचं काय, हा आक्षेप वजनदार आहे. नाटक शेवटी कुणीतरी पाहावं लागतंच. त्यामुळे वर्षअखेरीला शेजारच्या वर्गासमोर, माईक आणि नगरसेवकाविना, एखादा प्रयोग जरूर व्हावा. शिवाय मुलांना वर्षातून एकदा खऱ्या नाट्यगृहात नेऊन बसवावं. नाटकाने गणितात मार्क वाढतात असं मात्र कुणी पालकसभेत सांगू नये. कला शिकून एकंदर मार्क वाढतात या दाव्याला हार्वर्डच्या मंडळींनी धुंडाळूनही पक्का आधार सापडला नाही, आणि पालक पुढच्या महिन्यात मार्कांचा हिशेब मागायला येतात.

खरा धोका वेगळाच आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर यांतली भिंत पाडायची ठरवली आहे. हेतू उत्तम, पण आपल्याकडे भिंत पडली की विषय थेट परीक्षेत जाऊन पडतो. मग अपेक्षित प्रश्नसंच निघेल: ‘आरशाच्या खेळात प्रथम कोणता हात हलवावा? सकारण लिहा. (२ गुण)’. क्लासवाले मुलांकडून हाताच्या बारा हालचाली पाठ करून घेतील. तोंडी परीक्षेला समोरच्या मुलाने तेरावीच हालचाल केली, तर आपला मुलगा ठरल्याप्रमाणे डावा हातच वर करेल, आणि पालक फेरतपासणीचा अर्ज भरतील.