सर चाकं बघायलेत

लातुरात क्लासचे सर किती, हे मोजायच्या भानगडीत कुणी पडत नाही. नीटच्या जाहिरातींचे फलक संपले की औसा आलं समजायचं, एवढं सांगितलं तरी पुरे. या सरांतली एक जात अलीकडं पहाटे पाचला ओळखू येते. चाळिशी उलटलेली, शुगर काठावर आलेली, डोक्यावर हेल्मेट आणि बुडाखाली बारीक टायरची, वाकड्या हँडलची सायकल. आमचे सर त्यातलेच. फिजिक्स शिकवतात. सत्तर हजारांची सायकल त्यांनी एका दुपारीत घेतली. तिची चाकं बदलावीत का, हा विचार मात्र दोन पावसाळे चालू आहे.

कंपनीनं सायकलीसोबत दिलेली चाकं तशी वाईट नसतात. जोडी दोन किलोच्या आसपास भरते. सरांनी हेरून ठेवलेली कार्बनची जोडी दीड किलोची, किंमत साठ हजार. म्हणजे वाचलेल्या वजनाचा भाव किलोला एक लाख वीस हजार. लातूरच्या आडत बाजारात या भावानं अजून तूरसुद्धा गेलेली नाही. पण सरांच्या घराण्याला भावाची वाट बघायची सवय आहे. त्यांचे अण्णा गावाकडं सोयाबीनच्या थप्पीशेजारी खाट टाकून झोपतात आणि "वाढंल की" म्हणतात. सर म्हणतात, "उतरंल की."

बाकीचं आयुष्य त्यांनी या विचाराला जोडून घेतलंय. तुम्ही नुसतं "काय सर, बरंय का?" म्हणा. "बरंय. चाकं बघायलाव," असं उत्तर येतं आणि तुमचा अर्धा तास जातो. मुलीचं ॲडमिशन, घराचं प्लॅस्टर, गावाकडची बोअर, हे सगळं ते चटकन मिटवतात. त्यांच्या बायकोनं तर चाकांना आडून आडून उत्तेजनच दिलंय. "घेऊ नका, पण सोडूही नका. निदान माझ्या फ्रीजच्या आड येत नाहीत तुम्ही," असं त्या चारचौघांत सांगतात.

या दुखण्याचं मूळ नांदेडला आहे. तिथल्या डॉक्टर लेनमधल्या एका डॉक्टरांनी कार्बनची चाकं घेतली. रविवारी सर लातूरहून आणि डॉक्टर नांदेडहून निघतात. मधलं अंतर 140 किलोमीटरच्या आसपास, त्यामुळं दोघं अहमदपूरला चहाला भेटतात. त्या महागड्या चाकांचा एक गुण कुठल्याच पुस्तकात लिहिलेला नाही. पायडल थांबवलं की त्यांचा हब रातकिड्यासारखा किर्रर्र ओरडतो. डॉक्टर एरवी पायडल मारतात आणि माणसं दिसली की थांबवतात. अहमदपूरच्या चौकात तर ते गेल्या कित्येक रविवारांत पायडल मारताना दिसलेले नाहीत.

शेवटी सरांनी हा प्रश्न फळ्यावर घेतला. लातूर नांदेडपेक्षा अडीचशे मीटर उंच धरा. अर्धा किलो वजन कमी केलं, तर नांदेडहून लातूरला चढताना किती ऊर्जा वाचेल? पोरांनी पटकन काढलं: 1250 जूल. म्हणजे 0.3 किलोकॅलरी. माणसाचं शरीर खाल्लेल्यातलं साधारण पाव तेवढंच कामाला लावतं, म्हणून चौपट करा, सव्वा धरा. वाटेत लोहा गावापासूनचे चढउतार आहेत, अजून तिप्पट करा. तरी चहातल्या चमचाभर साखरेच्या पाव भागाला ते पोचेना. मागच्या बाकावरची एक पोरगी म्हणाली, "सर, मग चहा बिनसाखरेचा घ्यायचा. चाक कशाला?"

सर डगमगले नाहीत. चाक नुसतं पुढं जात नाही, ते फिरतंही, म्हणून रिमवरचा एक ग्रॅम दोन ग्रॅमांसारखा वागतो, असं त्यांनी सांगितलं. ते खरंच आहे. पण हा दुपटीचा हिशोब वेग वाढवतानाच लागू पडतो, एका चालीनं जाताना नाही. या हायवेवर वेग एकदम वाढवायचा प्रसंग एकच: धाब्यावरचं कुत्रं मागं लागणं. आणि कुत्र्यासाठी साठ हजार घालायला घरातून परवानगी मिळत नाही.

मग हवेचा मुद्दा. उंच रिम वारा कापते हेही खरं. पण त्याचा खरा फायदा ताशी 35 च्या पुढं दिसायला लागतो. सरांची सरासरी 22, तीही वाऱ्याची मेहेरबानी असेल तर. उलट उसाची ट्रॉली शेजारून गेली की तीच उंच रिम आडव्या वाऱ्यात सायकल शेताकडं नेते. राहिली ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत संपवायची लांब पल्ल्याची सायकलफेरी. 200 किलोमीटरची ब्रेव्हे साडेतेरा तासांत संपवायची असते. चहापाणी धरून ताशी पंधराचीही सरासरी लागत नाही. त्याला सध्याची चाकं पुरून उरतात. सर मात्र 2027 च्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसचं बोलतात: 1200 किलोमीटर, 90 तास. आजवरची त्यांची लांबची मजल उदगीर.

गंजगोलाईजवळच्या गल्लीतल्या सायकलवाल्या चाचांनी एकदा चाक फिरवून बघितलं. "आऊट आलाय थोडा. तारा आवळून काढून देतो, पन्नास द्या. बाकी चाक गोल हाय, फिरायलंय, अजून काय पायजे सर तुमाला?" वर टायर चांगले घ्या आणि 25 ऐवजी 28 चे बसतात का बघा, असंही ते म्हणाले. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणात शहाणपणाचं एवढंच बोललं गेलंय. खडबडीत रस्त्यावर चांगल्या रुंद टायरनं जे मिळतं, ते कार्बननं मिळत नाही. आणि वेड्या बाभळीचा काटा वरची रिम कितीची हे विचारून घुसत नाही.

मध्यंतरी बाका प्रसंग आला. डॉक्टरांनी नवी जोडी घ्यायचं ठरवलं आणि जुनी कार्बनची सरांना निम्म्या भावात देऊ केली. दोन पावसाळे ज्याची वाट बघितली तो भाव समोर! सरांचा चेहरा उतरला. मग त्यांनी शांतपणे सांगितलं की डॉक्टरांची चाकं डिस्क ब्रेकची, मागचा हब 142 मिलिमीटरचा. आपली सायकल रिम ब्रेकची, जागा 130 ची. बसायचीच नाहीत. हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. अशाच वेळेसाठी राखून ठेवलं होतं. त्या रविवारी अहमदपूरहून सर परत आले ते चढाला शीळ घालत.

म्हणून वाचकांना एक विनंती. तुमच्याकडं रिम ब्रेकची, हलकी, चांगल्या स्थितीतली चाकं निम्म्या भावात असतील, तर कृपया सरांना कळू देऊ नका.