मोर्चाची लाडकी बहीण

सरकारच्या लाडक्या बहिणीला अटी आहेत. वय एकवीस ते पासष्ट, घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत, आणि ई-केवायसी करायची तर नवऱ्याचं नाहीतर बापाचं आधार. अशीच दुसरी एक योजना आपल्याकडे विनाजाहिरात चालू आहे. तिच्यात महिन्याला दीड हजार मिळत नाहीत, मोर्चा मिळतो. जालन्यात तो गांधी चमनला जमतो आणि कलेक्टर कचेरीवर संपतो. डीजे असतो, झेंडे असतात, बाहेरगावचा वक्ता असतो, आणि फ्लेक्सवर त्या बहिणीचा फोटो असतो. तो बघायला ती स्वतः बहुधा हयात नसते. या योजनेच्या अटी कुठल्याच शासन निर्णयात छापलेल्या नाहीत, म्हणून इथे देतो.

अट पहिली : बाई बोलती नको.

वसईची श्रद्धा वालकर बोलत होती. २३ नोव्हेंबर २०२० रोजी तिने तुळिंज पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली. जोडीदार मला मारतो, मारून तुकडे करायची धमकी देतो, असं त्यात साफ लिहिलं होतं. पुढे आपसांत मिटलं असा जबाब झाला आणि कागद फायलीत गेला. दीड वर्षाने, मे २०२२ मध्ये, दिल्लीत तिचा खून झाला आणि नोव्हेंबरात तो उघडकीस आला. मग महाराष्ट्राच्या जिल्ह्याजिल्ह्यांत ‘लव्ह जिहाद’विरोधी जनआक्रोश मोर्चे निघाले. ती जिवंत असताना तिच्या कागदावर बसलेला एकही माणूस त्या आक्रोशाला दिसला नाही.

सरकारही जागं झालं. मारहाणीची तक्रार आली की पोलिसांनी काय करावं, यावर काही झालं असेल असं तुम्हाला वाटेल. १३ डिसेंबर २०२२ रोजी महिला व बालविकास खात्याने समिती नेमली ती आंतरजातीय-आंतरधर्मीय लग्नांची माहिती गोळा करायला. ओरड झाल्यावर दोन-तीन दिवसांत ‘आंतरजातीय’ तेवढं वगळलं. त्यानंतर १४ फेब्रुवारी २०२५ रोजी, ऐन प्रेमदिनाचा मुहूर्त साधून, पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची आणखी एक समिती आली, ‘लव्ह जिहाद’विरोधी कायद्याचा अभ्यास करायला. खुद्द केंद्राच्या गृह राज्यमंत्र्यांनी फेब्रुवारी २०२० मध्ये लोकसभेत लेखी सांगून ठेवलं होतं, की प्रचलित कायद्यात या शब्दाची व्याख्या नाही आणि केंद्रीय यंत्रणांकडे असं एकही प्रकरण नोंदलेलं नाही. तरी मार्च २०२३ मध्ये आपले मंत्री मंगलप्रभात लोढा विधानसभेत लाखाच्या वरचा आकडा सांगून मोकळे झाले. केंद्रात शून्य, राज्यात लाख. मधला हिशेब वक्त्याच्या घशात.

अट दुसरी : मारणारा परका हवा.

ही अट फार कडक आहे, तिच्यात बहुतेक बहिणी बाद होतात. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभर बायकांवरचे ४,४५,२५६ गुन्हे नोंदले आहेत. त्यांतला सगळ्यात मोठा वाटा, ३१.४ टक्के, नवरा आणि सासरच्यांच्या क्रूरतेचा. बलात्काराच्या शंभरांतल्या ९६ प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. घरातला, भावकीतला, गल्लीतला, कामावरचा. म्हणजे बाईला जपायचं असेल तर मोर्चा आपल्याच वाड्यावर न्यावा लागेल. तिथे डीजे कोण वाजवणार?

मे २०२५ मध्ये पुण्याजवळ भुकूमला वैष्णवी हगवणे गेली. हुंड्यासाठी छळ केल्याचा गुन्हा सासरच्यांवर दाखल झाला. लग्नात फॉर्च्युनर आणि सोनं देऊनही भूक भागली नव्हती, असा माहेरचा आरोप. सासरा सत्तेतल्या पक्षाचा, पक्षाने त्याला नंतर काढलं. पण सासर-माहेर एकाच जातीचं, एकाच धर्माचं. ‘अमुक जिहाद’ असा फलक छापायचा तरी कुणाच्या नावाने? बहीण अपात्र.

अट तिसरी : मारणारा ‘संस्कारी’ नको.

बिल्किस बानो यांच्यावर २००२ मध्ये गुजरातेत सामूहिक बलात्कार झाला, त्याचा खटला सर्वोच्च न्यायालयाने मुंबईत आणला. २००८ मध्ये मुंबईत शिक्षा झाली आणि २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली. १५ ऑगस्ट २०२२ रोजी, स्वातंत्र्याचा अमृतमहोत्सव साजरा होत असताना, गुजरात सरकारने शिक्षा भोगणाऱ्या अकराही जणांना सोडलं. तुरुंगाबाहेर हार आणि पेढे. गोध्र्याच्या आमदारांनी तर त्यांच्या जातीचा आणि संस्कारांचा दाखलाही दिला. त्याआधी २०१८ मध्ये कठुआत आठ वर्षांच्या मुलीच्या खुनातल्या आरोपींसाठी लोक तिरंगा घेऊन रस्त्यावर उतरले होते. बाईसाठी निघणारा मोर्चा इथे पुरुषासाठी निघाला, कारण बाई ‘त्यांची’ होती आणि पुरुष ‘आपला’.

अट चौथी : न्याय झटपट उरकायचा.

बदलापूरच्या शाळेत लैंगिक अत्याचार झालेल्या दोन चिमुरड्यांचे पालक ऑगस्ट २०२४ मध्ये गुन्हा नोंदवायला ठाण्यात तासन्‌तास ताटकळले. लोकांनी रेल्वे रोखली तेव्हा यंत्रणा हलली. २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला आणि दुसऱ्या दिवशी ‘बदला पूरा’ची पोस्टरं लागली, गृहमंत्र्यांच्या हातात बंदूक देऊन. विधानसभा दोन महिन्यांवर होती. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने त्या मृत्यूसाठी पाच पोलिसांना जबाबदार धरलं, तोवर मतं मोजून झाली होती. पालकांना ताटकळत का ठेवलं, हा प्रश्न कुठल्याच पोस्टरवर मावला नाही.

अटी संपल्या. आता आपला जिल्हा.

जालना सोन्याचा पालना, असं आपण कौतुकाने म्हणतो. २०११ च्या जनगणनेत या पालन्यात सहा वर्षांच्या आतल्या हजार मुलांमागे ८७० मुली होत्या. बाकीच्या कुठे गेल्या? त्यांना कुणी परधर्माचा पळवून नेलं नव्हतं. सोनोग्राफीच्या खोलीत त्यांचे आजी-आजोबा आणि आईबाप सोबत होते. ज्या जन्मल्या त्यांच्यातल्या तिघींपैकी एकीचं लग्न अठराच्या आत होतं, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने आपल्या जिल्ह्याबद्दल सांगून ठेवलंय. मंडप आपला, भटजी आपला, पंगतीला पुढारीही आपलेच. घनसावंगी, मंठा, परतूरहून नवऱ्याबरोबर कोयत्याला जाणारी बाई मुकादमाची उचल फेडते, पालात बाळंत होते आणि रात्री उसाच्या फडाकडेला अंग आवरून झोपते. तिच्यासाठी एकदा तरी टेम्पो भरून माणसं आली का?

१ सप्टेंबर २०२३ रोजी अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलनावर लाठीमार झाला. गावच्या बाया जखमी झाल्या, महिला पोलीसही झाल्या. पुढचे काही महिने आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक व्यासपीठाने आपापल्या सोयीच्या जखमी बाया मोजल्या. दोन्हीकडच्या जखमा एकाच दमात मोजणारा वक्ता काही भेटला नाही.

आणि जिल्ह्याबाहेरची, नगरकडची कोपर्डी. २०१६ मध्ये तिथल्या अत्याचार करून मारलेल्या लेकीसाठी महाराष्ट्र रस्त्यावर आला, शांतपणे आला, मुली पुढे होत्या, हे मोठंच होतं. पण मुलगी मराठा आणि आरोपी दलित, म्हणून फाशीच्या मागणीशेजारी ॲट्रॉसिटी कायदा बदलण्याची मागणी येऊन बसली. नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरच्या सत्र न्यायालयाने तिघांना फाशी सुनावली. ॲट्रॉसिटी कायदा तेव्हा जिथल्या तिथे होता. त्याने त्या मुलीच्या न्यायाची वाट तसूभरही अडवली नाही.

मोर्चाच्या फ्लेक्सवर शिवाजी महाराज हमखास असतात. असावेतच. १६४६ च्या सुमारास रांझ्याच्या पाटलाने बाईवर अत्याचार केला, तेव्हा महाराजांनी त्याचे हातपाय तोडले. हा बाबाजी गुजर मोगलांचा किंवा आदिलशहाचा सरदार नव्हता. स्वराज्यातल्या गावचा, आपल्याच माणसांतला पाटील होता. कल्याणच्या सुभेदाराची सून महाराजांनी मानाने परत धाडली, ही गोष्ट मराठी पोर आईच्या मांडीवर ऐकतं. याच वागण्याला सावरकरांनी ‘भारतीय इतिहासातील सहा सोनेरी पाने’ या ग्रंथात दोष दिला आहे. वसई जिंकल्यावर शत्रूच्या स्त्रीला सन्मानाने पाठवणाऱ्या चिमाजीअप्पांनाही. तेव्हा मोर्चावाल्यांनी एकदा ठरवून टाकावं. फोटो एकाचा आणि विचार दुसऱ्याचा, असं किती दिवस चालवणार?

आता आमच्या पुरोगामी मित्रांनी हसू आवरावं, कारण त्यांचीही एक छोटी यादी आहे. आरोपी अल्पसंख्याक निघाला की यांना एकदम ‘गुंतागुंतीची सामाजिक पार्श्वभूमी’ दिसू लागते. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंनी मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला, तोंडी तलाकाविरुद्ध. त्यात मुसलमान बायका किती होत्या? सात. त्या सात जणींच्या मागे तेव्हाचे धर्मनिरपेक्ष पक्ष उभे राहिले असते, तर पन्नास वर्षांनी तोच प्रश्न दुसऱ्यांच्या प्रचारसभेत जाऊन बसला नसता. रिकामी जागा दिसली की तिथे झेंडा रोवला जातो. आणि बायकांची जागा रिकामी ठेवण्यात सगळ्यांचीच सरकारं तरबेज. राज्य महिला आयोगाच्या अध्यक्षाची खुर्ची फेब्रुवारी २०२० पासून ऑक्टोबर २०२१ पर्यंत ओस होती. सत्तेत महाविकास आघाडी होती.

मग करायचं काय? बायकांनी ते करून दाखवलंय.

बीडची मंजुश्री सारडा लग्नानंतर चार महिन्यांत, जून १९८२ मध्ये, पुण्यात सासरी मरण पावली. सासरचा जाच तिने पत्रांतून कळवला होता बहिणीला आणि बीडच्या एका मैत्रिणीला. मैत्रीण मुसलमान. मंजुश्रीला तिच्यात ‘परकी’ दिसली नाही, विश्वासाची माणूस दिसली. खालच्या दोन्ही न्यायालयांनी पतीला दोषी धरलं, सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये त्याला निर्दोष सोडलं. पण विद्या बाळ आणि त्यांच्या सोबतिणी निकालाची वाट बघत बसल्या नव्हत्या. त्यांनी नारी समता मंच उभा केला आणि ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन गावोगाव नेलं. त्यात एकाही जातीला, एकाही धर्माला शिवी नव्हती. बायका आल्या, बघितलं आणि आपापल्या घरातलं बोलू लागल्या. बोलती बाई ही फार मोठी घटना असते, म्हणून तर पहिली अट तिच्याच विरोधात आहे.

बिल्किस बानो यांच्या गुन्हेगारांची सुटका झाली तेव्हा सुभाषिनी अली, रेवती लौल, रूपरेखा वर्मा सर्वोच्च न्यायालयात गेल्या. महाराष्ट्रात पोलीस सेवा केलेल्या मीरां चढ्ढा बोरवणकर गेल्या. स्वतः बिल्किसही गेल्या. ८ जानेवारी २०२४ रोजी न्यायालयाने सुटका रद्द केली आणि अकराही जण गोध्र्याच्या तुरुंगात परतले. कम्युनिस्ट, पत्रकार, प्राध्यापिका, पोलीस अधिकारी. एकमेकींच्या मतांशी त्यांचं पटायलाच हवं असं नव्हतं.

जर्मनीतही हेच झालं. २०१५ च्या वर्षअखेरच्या रात्री कोलोनमध्ये असंख्य बायकांची छेड काढली गेली, संशयितांत परदेशी तरुण बरेच होते, आणि उजव्यांनी लगेच ‘आमच्या बायका’ म्हणत झेंडे बाहेर काढले. जानेवारी २०१६ मध्ये २२ स्त्रीवाद्यांनी एकत्र निवेदन काढलं : लैंगिक हिंसेला विरोध आणि वंशद्वेषालाही, कुठलाही अपवाद न करता. गुन्हा त्यांनी लपवला नाही, गुन्हेगाराच्या कातडीचा व्यापारही होऊ दिला नाही.

तेव्हा जालन्याच्या बायांनो, पुढच्या वेळी टेम्पो दारात आला तर जरूर चढा. फक्त स्वतःचं निवेदन पदराला बांधून न्या आणि ते व्यासपीठावरून मोठ्याने वाचायला लावा. तक्रार आली की त्याच दिवशी गुन्हा नोंदवा. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यातला संरक्षण अधिकारी तालुक्याला पूर्णवेळ द्या. स्टीलच्या कारखान्यांत, बियाणं कंपन्यांच्या प्लॉटवर, उसाच्या फडात बाईने तक्रार कुठे करायची ते पाटीवर लिहा. २०१३ च्या कायद्याने त्यासाठी जिल्ह्यात स्थानिक समिती नेमायचीच आहे. सोनोग्राफी केंद्रं तपासा. बालविवाहाच्या मंडपात जेवलेल्या पुढाऱ्यांची नावं जाहीर करा. आणि शेवटचं कलम : आरोपी कुठल्याही जातीचा, धर्माचा, पक्षाचा असो, हेच निवेदन लागू राहील.

हे वाचताना वक्त्याचा माइक बिघडला, तर मोर्चा कशासाठी होता ते समजून घ्या. बाईबरोबर ठाण्यापर्यंत आणि पुढे तारीख पे तारीख कोर्टापर्यंत येईल तो आपला माणूस. बाकीचे सगळे इच्छुक उमेदवार.