दोन हात अंतरावरचा श्रोता

अजिंठ्याला येणाऱ्यांत गाइड करणारे आणि गाइड न करणारे अशा दोनच जाती आहेत, असा सर्वसाधारण समज आहे. तिसरी जात सहसा कुणाच्या डोळ्यांत भरत नाही, आणि तिचं सगळं कौशल्य त्यातच आहे. हा गृहस्थ गाइड करत नाही, पण गाइडशिवाय पाऊलही टाकत नाही. दुसऱ्यांनी पैसे मोजून केलेल्या गाइडच्या मागे दोन हात अंतर ठेवून तो उभा असतो.

"गाइड कशाला? सगळं पाटीवर लिहिलेलं असतं," असं तो फर्दापूरहून निघालेल्या बसमध्येच बायकोला बजावतो. मग पाटीकडे ढुंकूनही न बघता पहिल्या लेण्यात शिरतो.

त्याचं तंत्र पाहण्यासारखं असतं. नजर छतावरच्या नक्षीवर, पाठ गाइडकडे, कान मात्र पाठीमागे. पद्मपाणीच्या हातातलं कमळ त्याला दुसऱ्याच्या टॉर्चच्या उजेडात दिसतं. गाभाऱ्यातल्या बुद्धाच्या चेहऱ्यावर डावीकडून, उजवीकडून, समोरून झोत टाकला की भाव बदलताना दिसतात. तो खेळ सुरू व्हायच्या आधी तो बायकोला कोपराने ढोसतो, "बघ, आता टाकेल!" खरी परीक्षा असते ती गाइडने विनोद केल्यावर. न हसता उभं राहायला साधना लागते. विहारांत ध्यान करून गेलेल्या भिक्खूंनाही ती जमली असती की नाही, शंका आहे.

गाइड मंडळीही काही कालची नव्हेत. कुणी आवाज इतका खाली आणतो की स्वतःच्या गिऱ्हाइकांनाही ऐकू येऊ नये. कुणी मोठ्याने म्हणतो, "या ना साहेब, असे पुढे या!" यासारखा क्रूर प्रकार दुसरा नाही. साहेब तत्काळ फोन कानाला लावतात आणि "हं, बोला" म्हणत खांबाआड जातात. दगडात कोरलेल्या त्या खोलीत कुणाचा फोन आला असेल, हे कुणी विचारत नाही.

एकदा तर तो जपानी पर्यटकांच्या घोळक्यामागे उभा राहून मनापासून मान डोलवत होता. "तुम्हाला काय कळतंय हो?" बायकोने विचारलं. "भाव कळतात," तो म्हणाला.

दहाव्या लेण्यात त्याला आपला माणूस भेटतो. 1819 च्या एप्रिलमध्ये शिकारीला आलेला जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी या चैत्यात शिरला आणि खांबावर आपलं नाव खरडून गेला. लेणं तेव्हा मातीने भरलेलं, म्हणून ते नाव आज डोक्याच्याही वर दिसतं. "बघ," गृहस्थ हळूच म्हणतो, "त्याने तरी कुठे गाइड केला होता?"

पण सतराव्या लेण्यात या व्रताची किंमत मोजावी लागते. तिथे भिंतीभिंतीवर जातककथा. एका गाइडकडून विश्वंतर राजपुत्राचं जातक निम्मं ऐकून होतं, तोच तो घोळका पुढे सरकतो. लगेच मागे धावणं बरं दिसत नाही. म्हणून शेजारच्या घोळक्याला चिकटावं, तर तिथे छद्दंत हत्तीची गोष्ट शेवटाला आलेली. दोन्हीकडे हत्ती असल्याने सांधा बेमालूम बसतो.

परतीच्या बसमध्ये शेजारचा मुलगा विचारतो, "काका, त्या राजपुत्राचं काय झालं?"

"राजपुत्राने हत्ती दान केला. मग बायको, मुलं दान केली. शेवटी स्वतःचे सहा दात करवतीने कापून शिकाऱ्याला दिले."

"राजपुत्राला सहाच दात?"

पुढच्या सीटवरच्या बाई मागे वळतात. "अहो, दात हत्तीने दिले. गोष्टी दोन वेगळ्या आहेत. आमच्या गाइडने नीट समजावून सांगितलं."

गृहस्थ त्यांच्याकडे कळवळ्याने बघतो. "किती घेतले त्याने?"

बाई आकडा सांगतात.

"फसवलं तुम्हाला. परत मागा."