ट्यूब सहा महिने पुरली?

हलक्या रंगाचं मिनरल सनस्क्रीन मॉइश्चरायझर आता अनेकींच्या पर्समध्ये असतं, आणि एकच ट्यूब महिनोन्महिने पुरते. घोटाळा तिथंच आहे. ट्यूबवरचा एसपीएफ प्रयोगशाळेत मोजतात तेव्हा दर चौरस सेंटिमीटर त्वचेवर २ मिलिग्रॅमचा थर देतात. त्या हिशेबानं चेहरा आणि मान मिळून एका वेळी सव्वा-दीड ग्रॅम क्रीम लागतं. तर्जनी आणि मधल्या बोटावर मुळापासून टोकापर्यंत रेघ ओढली की जेवढं भरेल, साधारण तेवढं. रोज एकदाच लावलं तरी ५० ग्रॅमची ट्यूब सव्वा महिन्यात संपायला हवी. सहा महिने पुरत असेल, तर तुमच्या चेहऱ्यावर ५० एसपीएफ एकही दिवस नव्हता.

रंगामुळं ही काटकसर आणखी वाढते. फाउंडेशनसारखं मटारच्या दाण्याएवढं घ्यायचं, डाग झाकले की हात थांबवायचा. दुकानातली पद्धतही तशीच. काउंटरवरची मुलगी मनगटावर ठिपका लावते, बोटानं पार फिकट होईपर्यंत पसरवते आणि म्हणते, "बघा मॅडम, एकदम मॅच." तोच रंग पूर्ण मात्रेत लावला की चेहरा राखाडी नाहीतर नारिंगी दिसतो, आणि दुसऱ्या दिवसापासून मात्रा निम्मी होते. म्हणून रंग जबड्याच्या कडेला, पूर्ण जाडीचा थर देऊन, दुकानाबाहेर उन्हात बघा. तिथं जुळला तरच घ्या. खाली १५ एसपीएफचं मॉइश्चरायझर आणि वर ३० चं फाउंडेशन लावलं म्हणून ४५ होत नाहीत, हेही सांगून ठेवते.

हा रंग नुसता शोभेचा नाही. झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड अतिनील किरणं अडवतात, पण डोळ्यांना दिसणारा प्रकाश बराचसा आत जाऊ देतात. गव्हाळ, सावळ्या त्वचेला तोही काळवंडवतो, आणि वांग असेल तर जास्तच. तो अडवतं रंगातलं आयर्न ऑक्साइड. ट्यूबच्या मागं मुंगीएवढ्या अक्षरांत सीआय ७७४९१, ७७४९२, ७७४९९ असे आकडे शोधा: तांबडं, पिवळं, काळं आयर्न ऑक्साइड. वांग असलेल्या बाईनं पांढरं सनस्क्रीन सोडून हेच घ्यावं, असं माझं ठाम मत आहे.

आणि त्या वांगावर मेडिकलमधून कुणाच्या तरी सांगण्यावरून स्टेरॉइडचं क्रीम आणू नका. आठवडाभर चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ, लाल, केसाळ होते. २०१८ मध्ये सरकारनं अशी १४ स्टेरॉइडं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली.

'मिनरल' लिहिलंय म्हणून डोळे झाकून विश्वास ठेवू नका. २०२५ च्या जूनमध्ये ऑस्ट्रेलियातल्या चॉइस या ग्राहक संस्थेनं २० सनस्क्रीनच्या तपासणीचे निकाल जाहीर केले. १६ छापलेल्या आकड्याला उतरली नाहीत. सर्वांत तळाला होतं ते झिंकचंच. छापलेलं ५०+, भरलं ४. कंपनीनं आधी निकाल नाकारला, मग ऑगस्टमध्ये माल मागं घेतला. शिवाय मिनरल ट्यूबमध्येही सुगंध आणि टिकाऊपणाची रसायनं असतातच, तेव्हा आधी चार दिवस कानामागं लावून बघा. पावडर किंवा स्प्रे तोंडावर उडवू नका, नाकावाटे फुप्फुसात जातो. सहा महिन्यांखालच्या बाळाला काहीच लावू नका; त्याला सावली आणि टोपडं पुरे.

पुण्यातल्या स्कूटीवाल्या मुलींना खास सांगणं. स्कार्फ सोडू नका, तो उत्तम आडोसा आहे. पण नाकावरून घट्ट ओढून बांधलेला स्कार्फ क्रीम पुसून नेतो. लावल्यावर पंधरा मिनिटं थांबून बांधा, आणि उतरवल्यावर नाक-गालांवर पुन्हा लावा. भर उन्हात असाल तर दर दोन तासांनी. ट्यूब डिकीत ठेवू नका. मे महिन्यात डिकीची भट्टी होते. दाबल्यावर आधी तेल आणि मग गोळा बाहेर आला, तर ती ट्यूब फेकायची. रात्री चेहरा हलक्या हातानं दोनदा धुवा. स्क्रब घासून रंग काढाल तर घर्षणानंच काळे डाग वाढतील.

राग आहे तो कंपन्यांवर. देश गव्हाळ-सावळ्या माणसांचा, आणि फळीवर छटा एक किंवा दोन, त्याही गोऱ्या चेहऱ्याच्या. ज्या त्वचेला आयर्न ऑक्साइडची सर्वांत जास्त गरज, तिच्याच रंगाची ट्यूब मिळत नाही. लातूरच्या, चंद्रपूरच्या बाईला जुळेल अशी छटा आणा, आयर्न ऑक्साइड किती टक्के आहे ते पुढच्या बाजूला छापा, आणि महिन्याला एक ट्यूब संपवणं परवडेल अशी किंमत ठेवा.