बोईसरच्या बाबांसाठी परीक्षा-संहिता

बारावीला मूल असलेला बोईसरचा बाबा ओळखायला सोपा असतो. कंपनीच्या डायरीत उत्पादनाच्या आकड्यांखाली पर्सेंटाइल लिहिलेले असतात, मोबाइलमध्ये गेल्या वर्षीच्या कट-ऑफची पीडीएफ असते आणि भेटेल त्याला तो एकच प्रश्न विचारतो : ‘जानेवारीत द्यायची की एप्रिलमध्ये?’ मूल मात्र कोणत्याही महिन्यात झोपायला तयार असते. अशा समस्त बाबांच्या सोयीसाठी पुढील कलमे जारी करण्यात येत आहेत.

कलम १. दोन्ही वेळा द्यावी.

जेईई मेन जानेवारीत होते आणि एप्रिलमध्येही. दोन्हींतला चांगला स्कोअर रँकसाठी धरतात. वाईट स्कोअर कुठेही आडवा येत नाही. त्यामुळे ‘आधी तयारी पूर्ण होऊ दे, मग फॉर्म भरू’ हा विचार बाद. तयारी पूर्ण झालेला विद्यार्थी पालघर जिल्ह्यात अद्याप आढळलेला नाही. अडचण एवढीच, की जानेवारीचे सत्र महिन्याच्या उत्तरार्धात येते, राज्य मंडळाची प्रात्यक्षिकेही त्याच सुमारास सुरू होतात आणि पाठोपाठ फेब्रुवारीत लेखी परीक्षा. टायट्रेशन, जर्नलवरच्या सह्या आणि रोटेशनल मोशन असे सगळे एका आठवड्यात येऊन आदळते. या काळात बाबांनी जर्नलला कव्हर घालावे आणि गप्प बसावे.

कलम २. सीईटीला धाकटी समजू नये.

२०१४ आणि २०१५ साली राज्याने अभियांत्रिकीचे प्रवेश जेईई मेन आणि बारावीच्या गुणांवर देऊन पाहिले आणि २०१६ पासून पुन्हा सीईटी आणली. राज्यातल्या बहुतेक जागा आता तिच्यावरच भरतात. पीसीएम गटात भौतिक, रसायन आणि गणित या विषयांचे प्रत्येकी ५० प्रश्न असतात. गणिताच्या प्रश्नाला दोन गुण, एकूण गुण २००. अकरावीचा भाग साधारण २० टक्के. उणे गुण नाहीत, म्हणजे एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. हे वाक्य बाबांनी आठवड्यातून एकदाच म्हणावे. २०२६ पासून ही परीक्षाही एप्रिल आणि मे अशी दोनदा घेण्याचे राज्य सरकारने जाहीर केले, त्यामुळे काळजी करायला एक जादा महिना मंजूर झाला आहे.

कलम ३. शिफ्टबद्दल सिद्धांत मांडू नयेत.

हे कलम खास तारापूर एमआयडीसीसाठी. ज्याचे अर्धे आयुष्य फर्स्ट, सेकंड आणि नाइट यांत गेले, त्याने हॉल तिकिटावर ‘शिफ्ट’ वाचले की त्याच्यातला सुपरवायझर जागा होतो. सकाळचा पेपर सोपा निघतो, असे तो सांगतो. शेजारचे काका दुपारचा सोपा म्हणतात. त्यांच्या पुतण्याची शिफ्ट दुपारची होती. वस्तुस्थिती अशी, की शिफ्ट मागून मिळत नाही आणि पर्सेंटाइल त्या-त्या शिफ्टमधल्या मुलांतच काढतात. प्रत्येक शिफ्टच्या पहिल्या विद्यार्थ्याला १००. नाइटचे उत्पादन नाइटशीच ताडायचे, असा हा हिशेब आहे. तो बाबांना चटकन कळतो, पण आवडत नाही. कारण मग नावे ठेवायला शिफ्टही उरत नाही.

कलम ४. लोकलवर श्रद्धा असावी, भरवसा नसावा.

जेईईची सकाळची शिफ्ट नऊला सुरू होते आणि फाटक त्याआधी अर्धा तास बंद होते. २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल येते हे खरे, पण विरारच्या पुढे रूळ दोनच. विरार ते डहाणू रोड या ६४ किलोमीटरच्या तिसऱ्या-चौथ्या मार्गाला २०१६ साली मंजुरी मिळाली. तो पूर्ण होईपर्यंत मागून लांब पल्ल्याची गाडी आली की लोकल बाजूला उभी. केंद्र वसईला किंवा मुंबईत लागले, तर आदल्या रात्री विरारच्या मावशीकडे मुक्काम करावा. मावशीने सकाळी पोहे द्यावेत. मार्गदर्शन देऊ नये.

कलम ५. स्कोअर पाठवणे.

अमेरिकेत सॅट देणारी मुले बऱ्याच विद्यापीठांना कोणत्या तारखेचा स्कोअर दाखवायचा ते स्वतः ठरवतात. इथे ती चैन नाही आणि ती कटकटही नाही. जेईईचा चांगला स्कोअर ती परीक्षा घेणारी एनटीए स्वतःच उचलते आणि सीईटीचा निकाल सीईटी सेलकडे असतोच. अखिल भारतीय जागा हव्या असतील, तर कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, अर्जात जेईईचा अर्ज क्रमांक तेवढा भरावा.

राहता राहिले नातेवाईक, आणि खरे पाठवणे तिकडेच चालते. आत्याला पर्सेंटाइल कळवावा, गुण नव्हे. नव्वद पर्सेंटाइल म्हणजे नव्वद टक्के नव्हेत, हे तिला समजावण्याच्या भरीस पडू नये. ती खूश आहे. फॅमिली ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकण्याआधी मात्र मुलाला विचारावे. हे गमतीने लिहिलेले नाही. निकाल त्याचा असतो, आणि त्या रात्री त्याला चार घास सुखाने खायचे असतात.

कलम ६. पसंतीक्रम बाबांनी लावू नये.

कॅपच्या पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली, की ती जागा पक्की. २०२५ पासून दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहा पसंतींना हाच नियम लागला. ‘मिळते का बघू तरी’ म्हणून वर टाकलेले कॉलेज गळ्यात पडते ते असे. पालघरचे सेंट जॉन आणि बोईसरचे थीम ही घराजवळची कॉलेजे यादीत कुठे ठेवायची, याचा निर्णय चार वर्षे प्रवास करणाऱ्याने घ्यावा.

कलम ७. कागद.

परीक्षा दोनदा देता येते, पण प्रमाणपत्राची मुदत एकदाच टळते. नॉन-क्रिमीलेअर, ईडब्ल्यूएस, अधिवास यांसाठी जूनमध्ये सेतू केंद्रावर रांग लागते आणि नेमका तेव्हाच सर्व्हर बसतो. जव्हार-मोखाड्यापासून सातपाटीपर्यंत हा जिल्हा आदिवासी आणि मागासवर्गीय मुलांचा आहे, आणि जात वैधतेचे काम एका हेलपाट्यात होत नाही. चांगला पर्सेंटाइल असूनही वैधता वेळेत मिळाली नाही, तर राखीव जागा हातची जाते. ज्यांचे मूल आत्ता अकरावीत आहे, त्यांनी जानेवारी की एप्रिल हा वाद तूर्त बाजूला ठेवून पडताळणीचा अर्ज याच महिन्यात करावा.